रस्त्यात टायर बसला तर: गोव्याच्या रस्त्यांवर स्टेपनी बदलण्याची रीत

चाक बदलणं हे वीस मिनिटांचं काम आहे, सवय नसेल तर चाळीस. जॅक, पाना आणि स्टेपनी धड असतील तर ताकदही फार लागत नाही. घोळ होतो तो दोनच ठिकाणी: गाडी कुठे थांबवली आणि जॅक कशावर टेकवला. त्यामुळे खाली या दोन गोष्टींवर जास्त शब्द खर्च झाले आहेत. नट फिरवणं कुणालाही जमतं.

हे लिहिलंय नुकती गाडी हातात आलेल्यांसाठी, नोकरीनिमित्त गोव्यात राहायला आलेल्यांसाठी आणि सुट्टीत भाड्याची गाडी घेऊन फिरणाऱ्यांसाठी.

## घरातून निघण्याआधी: डिकीत काय हवं

कंपनी गाडीबरोबर जॅक, त्याचा दांडा, नटाचा पाना, रिफ्लेक्टरचा त्रिकोण आणि टोइंगचा हूक देते. बाकीचं तुम्ही जमवायचं:

- १८-२० मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा ३० बाय ३० सेंटिमीटरचा तुकडा. सुताराकडे फुकट मिळतो आणि या यादीतली सगळ्यात कामाची वस्तू हीच.
- चाकाला लावायला लाकडी पाचर, दोन नग
- डोक्याला बांधायची टॉर्च. मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून पाना फिरवता येत नाही.
- रबरी पकडीचे हातमोजे
- जुनं गोणपाट किंवा ताडपत्रीचा तुकडा, गुडघे टेकायला
- हवेचा दाब मोजायचा गेज आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप
- चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. जून ते सप्टेंबर तशाच पट्ट्यांचा रेनकोट

आणि स्टेपनीतली हवा. वापर नसला तरी टायरमधून महिन्याला एक-दोन पीएसआय हवा जातच असते. कित्येक महिने न पाहिलेली स्टेपनी काढली की तिच्यातलीही बरीच हवा गेलेली निघते. चार चाकांत हवा भरताना पाचव्यातही भरा आणि पाच पीएसआय जास्त ठेवा. जास्तीची नंतर सोडता येते. दाब किती हवा ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं, छोट्या गाड्यांना बहुधा ३० ते ३५ पीएसआय. टायरच्या अंगावर छापलेला आकडा हा त्या टायरला सोसणारा कमाल दाब असतो. तेवढी हवा भरायची नसते.

गाडीला अ‍ॅलॉय व्हील आणि चोरी टाळायचे लॉक नट असतील तर त्यांची चावी म्हणून एक छोटा अडॅप्टर येतो. तो ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे की मागच्या सर्व्हिसिंगला गॅरेजमध्येच राहिला, ते आजच बघा. तो नसेल तर रस्त्यात चाक निघणार नाही.

भाड्याची गाडी घेताना सगळे बाहेरचे ओरखडे मोजतात, फोटो काढतात आणि डिकीचा गालिचा उचलून बघत नाहीत. तो उचला. स्टेपनी आहे का, तिच्यात हवा आहे का, जॅकचा दांडा आहे का? दांड्याविना जॅक म्हणजे नुसतं लोखंड. डिकीत स्टेपनीच नसेल तर ती चोरीला गेली असं लगेच समजू नका. २०२० मध्ये नियमात बदल झाला; ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा किट असलेल्या गाड्यांना स्टेपनीशिवाय विकायला परवानगी मिळाली. त्या किटबद्दल शेवटी सांगितलंय.

## पायरी १: ब्रेक दाबू नका, जागा शोधा

पुढचा टायर बसला की स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. मागचा बसला तर गाडी शेपटीकडून डुलते आणि फटफट आवाज येतो. दोन्ही वेळा स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गाडी आपोआप मंद होऊ द्या. जोरात ब्रेक मारला तर बसलेल्या चाकाकडे गाडी फिरू शकते. हॅझर्डचे दिवे (चारही इंडिकेटर एकदम) लावा.

आता जागा. नवखा माणूस टायर खराब होईल या भीतीने जिथल्या तिथे थांबतो. टायर खराब होऊ द्या. बसलेल्या टायरवर माणसाच्या चालीने दोन-तीनशे मीटर गेलात तर टायरची बाजू चिरडेल, फार तर रिम घासला जाईल. दोन्हींची किंमत ठरलेली असते. वळणावर थांबल्याची किंमत कुणी आधी सांगू शकत नाही.

चांगली जागा कशी ओळखायची? मागून येणाऱ्याला गाडी किमान शंभर मीटरांवरून दिसली पाहिजे. जमीन सपाट आणि कडक हवी. गाडी आणि वाहती रहदारी यांच्यात दीड मीटरभर अंतर राहिलं पाहिजे. पेट्रोल पंप, देवळाचं किंवा चर्चचं पटांगण, पंचायतीसमोरची मोकळी जागा, बसथांब्यामागचं आवार हे सगळं चालतं. गोव्यात थोड्या थोड्या अंतरावर असं काहीतरी सापडतंच.

वाईट जागा मात्र नावानिशी माहीत हव्यात.

पूल. पणजीतला अटल सेतू आणि कुठ्ठाळी-आगशीमधला नवा झुआरी पूल इथे चाक बदलायचा विचारच नको. रांगत रांगत पुलाचं टोक गाठा. गाडी हलतच नसेल तर हॅझर्ड लावून ११२ ला फोन करा आणि पोलीस मागची रहदारी वळवेपर्यंत पाना हातात घेऊ नका.

घाट. अनमोड, चोर्ला, काणकोणकडे जाताना लागणारा करमल. घाटात तीन अडचणी एकदम येतात: वळण, उतार आणि वरून उतरणारा माल भरलेला ट्रक. वळणाच्या आतल्या अंगाला कधीच थांबू नका. पावसाळ्यात तर कापलेल्या डोंगराला चिकटूनही नको, जांभ्याची माती पाणी पिऊन केव्हा सुटेल ते कळत नाही. पुढच्या रुंद जागेपर्यंत पहिल्या गिअरमध्ये रेटा. अनमोड आणि चोर्ल्याच्या काही भागांत मोबाइलला रेंज नसते, हेही धरून चाला.

रस्त्याची हिरवी कड. पावसाळ्यात गावातल्या रस्त्याकडेचं गटार गवताने झाकलेलं असतं. सपाट हिरवळ समजून डावी चाकं खाली घातली की गाडी एका अंगाला बसते, आणि मग चाक बदलण्याऐवजी क्रेन बोलवावी लागते. आधी सोबतच्याला उतरवून काठीने जमीन टोचून बघायला सांगा.

खाजन म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतातले बांध. दिवाडी, चोडणसारख्या बेटांवर दोन्हीकडे पाणी आणि मधे जेमतेम दीड गाडीचा रस्ता. कड भुसभुशीत असते, जॅक चिखलात जातो. वस्ती लागेपर्यंत पुढे जा. फेरीबोटीच्या रांगेत टायर बसला तर मागच्यांना सांगून गाडी ढकलून बाजूला घ्या. फेरीच्या उतरंडीवर जॅक लावायचा नसतो.

वाळू. किनाऱ्यावर गाडी नेणं गोव्यात मुळात बेकायदा आहे. पार्किंगच्या जागेतही पातळ वाळूचा थर असतो. वाळूत जॅक वर जात नाही, तळ तेवढा खाली जातो. ओढून डांबरावर आणा.

## पायरी २: दिसा

सगळ्यांना गाडीतून उतरवा, लहान मुलांनाही. उतरायचं डाव्या दाराने. उभं राहायचं रस्त्यापासून दूर आणि गाडीच्या बाजूला. गाडीच्या मागे किंवा पुढे उभं राहिलात तर धडक बसल्यावर मधे सापडता.

त्रिकोण महामार्गावर शंभर मीटर मागे, गावात पन्नास मीटर मागे. शंभर मीटर म्हणजे मोठी माणसं टाकतात तशी साधारण १३० पावलं. वळण असेल तर आकडा विसरा आणि त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवा. ट्रकवाल्याला आधी त्रिकोण दिसायला हवा, मग वळण, मग तुमची गाडी. त्रिकोणाचे पाय वाऱ्याने उडतात, त्यावर दगड ठेवा. त्रिकोण हातात धरून, रहदारीकडे तोंड करून चालत जा. पाठ करून नको.

रात्री पार्किंगचे दिवे चालू ठेवा. एक बारीक गोष्ट: काही गाड्यांचे मागचे दिवे अर्धे डिकीच्या दारावर असतात. डिकी उघडी ठेवली की ते दिवे आकाशाकडे बघतात आणि मागच्याला गाडी अर्धीच दिसते. सामान काढून डिकी बंद करा.

त्रिकोण नसेल तर फांद्या टाका, ट्रकवाले टाकतात तशाच. पण दगडांची रांग लावू नका.

उजवीकडचं चाक बसलं असेल तर तुम्ही रहदारीकडे पाठ करून उकिडवे बसणार. अशा वेळी गाडी शक्य तेवढी डावीकडे घ्या. तरीही दीड मीटर अंतर मिळत नसेल तर स्वतः बदलायच्या भानगडीत पडू नका, मदत बोलवा.

## पायरी ३: गाडी जागची हलणार नाही असं करा

इंजिन बंद. हँडब्रेक ओढा. हाताने बदलायचा गिअर असेल तर पहिला टाका, ऑटोमॅटिक असेल तर पी. मग जे चाक उचलायचं त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला पाचर लावा. पुढचं डावं उचलणार असाल तर मागचं उजवं. रस्ता किंचित उतरता असेल तर पाचर उताराच्या बाजूने.

हँडब्रेकही आणि गिअरही कशाला, असं वाटेल. कारण साधं आहे. बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढची चाकं फिरवतं आणि हँडब्रेक मागची धरतो. पुढचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) ते मोकळं फिरू शकतं आणि गिअरची पकड जवळजवळ संपते. तेव्हा गाडी फक्त हँडब्रेकवर उभी असते. मागचं चाक उचललं तर उलट, हँडब्रेकला एकच चाक उरतं आणि मुख्य भार गिअरवर येतो. म्हणजे प्रत्येक वेळी दोनांपैकी एक आधार लुळा पडतो. पाचर ती उणीव भरून काढते. पाचर नसेल तर डोक्याएवढा दगड चालेल.

## पायरी ४: स्टेपनी आणि हत्यारं बाहेर काढा

हॅचबॅक आणि सेडानमध्ये स्टेपनी डिकीच्या गालिच्याखाली असते, मधल्या मोठ्या स्क्रूने आवळलेली. अर्टिगा, इनोव्हासारख्या गाड्यांत ती गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. मागून एका भोकात दांडा घालून फिरवला की साखळीने किंवा दोरीने खाली येते. खाऱ्या हवेने आणि लाल चिखलाने ती यंत्रणा गंजून आखडते. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, स्टेपनी उतरवून चढवून घ्या आणि स्क्रूला ग्रीस लावा.

स्टेपनी बदलायच्या चाकाजवळ आडवी ठेवा. उभी ठेवली तर घरंगळेल.

## पायरी ५: चाक जमिनीवर असतानाच नट सैल करा

सगळ्यात जास्त वेळा चुकणारा क्रम हाच. गाडी उचलून मग नट सोडायला गेलात तर एक तर चाक गरागरा फिरतं, नाही तर पान्याच्या झटक्याने गाडी जॅकवरून घसरते.

व्हील कॅप असेल तर कडेच्या खाचेत चपटा स्क्रू-ड्रायव्हर घालून काढा. काही कॅप नटांखालीच अडकवलेल्या असतात. नट निघाल्याशिवाय त्या निघत नाहीत, ओढून तोडू नका.

पाना नटावर पूर्ण आत बसवा. अर्धवट बसलेला पाना नटाचे कोपरे खातो, आणि कोपरे गेलेला नट रस्त्यात सुटत नाही. पान्याचा दांडा डाव्या हाताला आडवा येईल असा लावा आणि खाली दाबा. खाली दाबलं की नट सैल व्हायच्या दिशेने फिरतो, शिवाय शरीराचं वजन कामी येतं. वर ओढत बसलात तर कंबर धरते. हाताने हलला नाही तर टाचेने हळूहळू भार द्या, उडी मारू नका. प्रत्येक नट अर्धा वेढाच सैल करा, काढायचा नाही.

नट इतके घट्ट का असतात? बऱ्याचदा गंजापेक्षा टायरच्या दुकानातल्या हवेच्या गनमुळे. घर्रकन एक दाब मारून नट गरजेच्या दुप्पट आवळले जातात. दुकानातून निघण्याआधी त्यांना हातपान्याने शेवटचा पीळ द्यायला सांगा, किंवा घरी येऊन एकदा स्वतः सोडून-आवळून बघा. गंजलेल्या नटावर गंज सोडवायचा स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा. तरीही नाही तर दोन-अडीच फुटांचा पोकळ पाइप पान्याच्या दांड्यावर चढवा, पण गाडी जमिनीवर असतानाच.

## पायरी ६: जॅक

दाराखालच्या पत्र्याची उभी कड हाताने चाचपा. पुढच्या चाकाच्या थोडं मागे आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे त्या कडेत, प्रत्येक ठिकाणी शेजारी शेजारी, दोन छोट्या खाचा असतात. त्या दोन खाचांमधला भाग म्हणजे जॅकची जागा. तिथला पत्रा दुहेरी आणि मजबूत असतो. चार बोटं इकडेतिकडे लावलात तर पत्रा आत दबतो. प्लास्टिकच्या पट्टीखाली, सायलेन्सरखाली, इंजिनच्या तळाखाली जॅक कधीच नाही. आपल्या गाडीच्या त्या खाचा एकदा घरासमोर, दिवसाउजेडी बघून ठेवा.

आता फळी. छोट्या गाडीचा एक कोपरा उचलला की अडीच-तीनशे किलो वजन जॅकवर येतं, आणि जॅकचा तळ असतो जेमतेम तळहाताएवढा. डांबराला ते झेपतं. जांभ्याच्या ओल्या मातीला झेपत नाही. ती वरून कडक दिसते, पण पावसानंतर कितीतरी दिवस आतून लोण्यासारखी असते. जॅक सरळ खाली गेला असता तर चाललं असतं, पण तो एका अंगाने रुततो, तिरका होतो आणि गाडी त्याच्यावरून सुटते. खाली प्लायवूड घातलं की तेच ओझं साधारण दहापट जागेवर पसरतं.

इथे गोव्यातली एक खास चूक सांगायला हवी. रस्त्याकडेला चिरे पडलेले असतात, घराच्या कुंपणाचे, उरलेसुरले. फळी नाही म्हणून चिरा जॅकखाली घातला जातो, किंवा उचललेल्या गाडीखाली आधाराला रचला जातो. जांभ्याचा चिरा भिंतीत दगड असतो, कारण तिथे त्याच्यावर भार सगळीकडून सारखा येतो. जॅकच्या टोकाखाली तो भोकांच्या रेषेत तडकतो, ओला असेल तर भुगा होतो. चाकाला अडसर म्हणून चिरा लावा, हरकत नाही. गाडी त्याच्यावर पेलू नका.

जॅक फळीच्या मध्यावर, बरोबर उभा ठेवा. वरची खाच गाडीच्या कडेत बसेपर्यंत हाताने फिरवा, मग दांडा लावा. दहा-बारा फेरे झाले की थांबून बाजूने बघा: जॅक तिरका दिसतोय का? दिसत असेल तर खाली घेऊन पुन्हा लावा. "चालेल एवढं" म्हणून पुढे जाऊ नका.

बसलेलं चाक जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर सुटलं तरी पुरत नाही. भरलेली स्टेपनी उंच असते, तिला आणखी चार-पाच सेंटिमीटर जागा लागते. त्याहून वर मात्र उचलू नका.

गाडी जॅकवर असताना शरीराचा कोणताही भाग खाली जाता कामा नये. नट घरंगळून आत गेला तर काठीने ओढा. आधार म्हणून स्टेपनी दाराखाली, जॅकच्या शेजारी आडवी सरकवून ठेवा. जॅक सुटलाच तर गाडी रिमवर टेकेल, माणसावर नाही.

## पायरी ७: जुनं चाक काढा

नट पूर्ण सोडून व्हील कॅपमध्ये किंवा खिशात टाका. जमिनीवर ठेवलेल्या नटाच्या आट्यांत लाल माती जाते, आणि पावसात एखादा नट गटाराला लागतोच.

चाक दोन्ही हातांनी सरळ आपल्याकडे ओढा. वजन पंधरा किलोंच्या आसपास असतं. घाट उतरून आला असाल तर ब्रेकची डिस्क तापलेली असते, बोटं लावू नका.

नट निघाले आणि चाक मात्र हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) चिकटून बसलंय, ही किनाऱ्याजवळच्या गाड्यांची ठरलेली तक्रार. गंजामुळे रिम हबला धरतो. जॅकवरच्या गाडीला लाथा मारू नका. सगळे नट पुन्हा दोन-तीन वेढे लावा, गाडी खाली उतरवा आणि ती पुढेमागे वीतभर हलवा. खट्‌ आवाज होऊन चाक सुटतं. मग पाचर, हँडब्रेक सगळं पुन्हा लावून उचला.

निघालेलं चाक दाराखाली सरकवा आणि तिथली स्टेपनी बाहेर घ्या. असा अदलाबदलीचा क्रम ठेवला की गाडीखाली कायम एक चाक राहतं.

## पायरी ८: स्टेपनी चढवा

हबवर आणि रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेली माती फडक्याने पुसा. मधे खडा राहिला तर चाक वाकडं बसतं आणि नट नंतर आपोआप सैल होतात.

चाक उचलण्याऐवजी बुटाच्या टोकावर घ्या आणि पायाने वर सरकवा. भोकं बोल्टांवर आली की नट हाताने लावा, निमुळती बाजू आत. पहिले दोन-तीन वेढे हातानेच फिरले पाहिजेत. अडत असेल तर नट तिरपा लागलाय, काढून पुन्हा लावा. पान्याने रेटलात तर आट्या जातील. आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावू नका, त्याने तोच जोर देऊनही नट प्रमाणाबाहेर आवळला जातो.

फोक्सवॅगन, स्कोडाच्या गाड्यांत नटांऐवजी सुटे बोल्ट असतात, म्हणजे चाक टेकवायला हबवर दांड्याच नाहीत. भोक भोकासमोर आणून सगळ्यात वरचा बोल्ट आधी लावा, मग बाकीचे सोपे जातात.

नट आवळताना शेजारशेजारचे नाही, समोरासमोरचे. चार नट असतील तर एक, मग त्याच्या समोरचा. पाच असतील तर एक सोडून एक, चांदणी काढतो तसं. चाक हवेत असताना बेताचेच आवळा.

## पायरी ९: गाडी उतरवा, मग शेवटचा पीळ

दाराखाली सरकवलेलं जुनं चाक बाहेर ओढा, जॅक हळूहळू सोडा. चाक जमिनीवर पक्कं टेकलं की त्याच चांदणीच्या क्रमाने नट घट्ट करा.

किती घट्ट? गाडीच्या पुस्तिकेत आकडा असतो, बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांना ८५ ते १२० न्यूटन-मीटर. रस्त्यात मोजायचं यंत्र नसतं. हिशेब असा: पाना पाव मीटर लांब असेल तर त्याच्या टोकाला सुमारे चाळीस किलोचा भार म्हणजे १०० न्यूटन-मीटर. साधारण प्रौढ माणसाने दोन्ही हातांनी नीट खाली दाबलं की तेवढं होतं. पान्यावर उभे राहिलात तर जवळपास दुप्पट होतं, बोल्ट ताणले जातात, आणि पुढच्या वेळी नट सुटणार नाही तो याच कारणाने.

## पायरी १०: जागा साफ करा

जॅक, दांडा, पाना, फळी, पाचर मोजून आत टाका. अडसराला लावलेले दगड आणि टाकलेल्या फांद्या रस्त्याबाहेर फेका. हे विसरलात तर रात्री त्याच रस्त्याने येणारा दुचाकीवाला त्यावर आपटतो. घाटात असे सोडलेले दगड नेहमी दिसतात. त्रिकोण शेवटी उचला.

## निघाल्यावर

गेजने स्टेपनीचा दाब बघा. हल्ली बऱ्याच गाड्यांची स्टेपनी मूळ टायरपेक्षा लहान किंवा अरुंद असते आणि तिच्यावर ८० किलोमीटरची वेगमर्यादा लिहिलेली असते. तशा स्टेपनीवर वळणावर आणि ओल्या रस्त्यावर गाडी नेहमीसारखी धरत नाही. सायकलच्या टायरसारख्या अगदी अरुंद स्टेपनीला ६० पीएसआय हवा लागते, तीसवर ती जवळपास बसलेलीच असते. तिच्या अंगावर लिहिलेलं वाचा.

पन्नास-शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा एकदा तपासा.

पंक्चर लगेच काढून घ्या, पण वेळ बघून निघा. दुपारी एक ते साडेतीनच्या सुमाराला गोव्यातली बरीच दुकानं बंद असतात, रविवारी तर दिवसभर. म्हापसा, फोंडा, मडगावसारख्या ठिकाणी एखादा उघडा सापडतो. लहान गावात वाट बघावी लागेल.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला तर उपसू नका. खिळाच भोक बुजवून बसलेला असतो. हवा हळू जात असेल तर पंपाने भरा आणि चाक न बदलताच जवळचं दुकान गाठा. घाटातल्या वळणावर हाच उत्तम उपाय. भोक टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यात असेल तर दुरुस्ती होते. बाजूच्या भिंतीत चीर गेली असेल तर कुणी कितीही खात्री दिली तरी टायर बदला. बसलेल्या टायरवर लांब चालवलं असेल तर आतली बाजू घासून रबराची काळी पूड पडलेली दिसते. तो टायरही गेला. दुकानदाराला टायर रिमवरून उतरवून आत बघायला सांगा.

स्टेपनीऐवजी किट असेल तर बाटलीतलं सीलंट वॉल्व्हमधून आत भरायचं, पंपाने हवा द्यायची, लगेच पाच-सात किलोमीटर सावकाश चालवायचं म्हणजे ते आत पसरतं, आणि थांबून दाब पुन्हा बघायचा. पट्ट्यातल्या बारीक भोकाला ते चालतं. चिरेला किंवा रिमवरून निसटलेल्या टायरला त्याचा उपयोग नाही.

## कधी हात लावू नये

दोन टायर एकदम बसले, जागा उतारावर आहे, नटाचे कोपरे गेलेत, लॉक नटाची चावी नाही, पाऊस इतका की त्रिकोण वीस मीटरवरून दिसत नाही: यातलं काहीही असेल तर सुरक्षित ठिकाणी उभे राहा आणि फोन करा. गाडीच्या विम्यात रस्त्यावरच्या मदतीची जोड घेतलेली असते हे अनेकांच्या लक्षात नसतं. पॉलिसीचा नंबर मोबाइलमध्ये ठेवा. भाड्याच्या गाडीसाठी आधी मालकाला फोन. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, पोलिसांसाठी ११२, कुणाला लागलं असेल तर १०८.

दुरुस्त झालेलं चाक त्याच दिवशी मूळ जागी बसवून घ्या आणि स्टेपनी डिकीत जाण्याआधी तिच्यात हवा भरा. फळीवरचा चिखल धुऊन, वाळवूनच ती परत ठेवा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिचे थर सुटलेले असतील.